थर्मोस्टॅट घेताना ॲप शेवटी बघा

आजचा भाग जरा घरगुती आहे. अमेरिकेत नव्याने घर घेतलेल्या माझ्या दोन-तीन मित्रांनी एकाच महिन्यात मला एकच प्रश्न विचारला: "कुठला थर्मोस्टॅट घेऊ रे?" प्रत्येकाला फोनवर पाऊण तास सांगण्यापेक्षा एकदाच रेकॉर्ड करून टाकू म्हटलं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी तोच भाग इथे लिहून काढलाय.

पुण्या-मुंबईत बसून ऐकणाऱ्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे खोलीत एसी असतो, त्याचा रिमोट असतो, विषय संपला. इथे न्यू जर्सीत माझ्या टाउनहाऊसच्या तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस आहे आणि बाहेर एसीचं युनिट. दोघांचा पंखा एकच, फर्नेसमधला ब्लोअर. हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार हवा तोच डक्टमधून सगळ्या खोल्यांत ढकलतो. या सगळ्यांना "चालू हो, बंद हो" सांगणारा भिंतीवरचा छोटा डबा म्हणजे थर्मोस्टॅट. अख्ख्या घराला डबा एक. तो चुकला की सगळं घर चुकतं.

माझ्या घरात तो चुकला. खरं तर मी चुकलो.

आई-बाबा नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा इकडे आले. मी नुकताच नवा स्मार्ट थर्मोस्टॅट लावला होता. शेड्यूल, फोनवरून कंट्रोल, शिवाय जिओफेन्सिंग. म्हणजे माझा फोन घरापासून लांब गेला की घर रिकामं आहे असं समजून हा गडी तापमान खाली आणणार. 'अवे'चा आकडा मी ठेवला होता ६० फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअस. सोमवारी ऑफिसला गेलो, ॲपमध्ये हिरवं चिन्ह आलं: ऊर्जा वाचतेय. भारी वाटलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी दुपारीच घरी आलो, तर आई सोफ्यावर स्वेटर घालून, वर शाल लपेटून बसलेली आणि बाबा माकडटोपी घालून सुडोकू सोडवतायत.

"अगं आई, हीटर वाढवायचा ना!"

"आम्हाला वाटलं, इकडे घरात एवढं गार असतंच. आणि तुझ्या त्या मशीनला हात लावला आणि काही बिघडलं म्हणजे?"

डब्यात माणसांची हालचाल ओळखणारा सेन्सर होता, पण डबा जिन्याजवळ आणि हे दोघं दिवसभर हॉलमध्ये. ॲपच्या हिशोबात घरात फोन नाही म्हणजे माणूस नाही. चार दिवस मी ऑफिसात बसून ते हिरवं चिन्ह बघत होतो.

तर तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी वायर, मग पंखा, मग घरातली माणसं. ॲप सगळ्यात शेवटी.

वायरपासून सुरू करू, कारण निम्मी मंडळी इथेच फसतात. कुठलंही मॉडेल बघण्याआधी ब्रेकर बंद करा, जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढा आणि आतल्या वायरींचा फोटो काढा. बारीक रंगीत वायर असतील आणि टोकांशी एकेक अक्षर असेल, तर तुमची सिस्टिम २४ व्होल्टची आहे आणि बाजारातले बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट तिच्यासाठीच असतात. आर म्हणजे वीज येते ती वायर, डब्ल्यू हीटिंगची, वाय कूलिंगची, जी पंख्याची आणि सी म्हणजे कॉमन, वीज परत जाण्याचा रस्ता. ओ किंवा बी दिसलं तर तुमच्याकडे बहुधा हीट पंप आहे. त्याच्याकडे नंतर येतो. पण वायर जाड असतील, दोनच किंवा चारच असतील आणि खोलीत भिंतीच्या तळाशी इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर असतील, तर थांबा. तिथे १२० किंवा २४० व्होल्ट खेळत असतात. त्यासाठी वेगळा लाइन व्होल्टेज थर्मोस्टॅट लागतो. नेहमीचा २४ व्होल्टवाला तिथे जोडणं धोक्याचं आहे.

ब्रेकर बंद करा असं मी उगाच म्हणत नाहीये. बीटेक झालेल्या माणसाला २४ व्होल्टची कसली भीती, असं म्हणून मी तसाच हात घातला. आर आणि सी एकमेकांना टेकल्या, टिक झालं आणि सगळं गप्प. फर्नेसच्या बोर्डवर एक छोटा फ्यूज असतो, गाडीत असतो तसाच. माझा जांभळा, ३ अँपिअरचा होता. चिल्लर वस्तू, पण रविवारी रात्री थंडीत ती शोधत फिरताना चिल्लर वाटत नाही.

आता ती सी वायर. जुन्या साध्या थर्मोस्टॅटला ती लागायची नाही; पाऱ्याची कुपी किंवा दोन बॅटऱ्या, काम झालं. हनीवेलचा तो प्रसिद्ध गोल थर्मोस्टॅट १९५३ चा, त्याला कुठलं वायफाय चालवायचं होतं! वायफायवाल्याला मात्र सतत वीज हवी. काही मॉडेल इतर वायरींतून थोडी थोडी वीज घेऊन बॅटरी चार्ज करतात, पण काही घरांत ते जमत नाही: ऐन थंडीत बॅटरी उतरते, नाहीतर फर्नेस विचित्र वागायला लागते. म्हणून सी असलेली बरी. आधी भिंतीत डोकावून बघा, पुष्कळदा एखादी न वापरलेली वायर मागे गुंडाळून ठेवलेली असते. नसेल तर अडॅप्टर मिळतो. इकोबी तर त्यासाठीचा एक छोटा डबा बऱ्याच मॉडेलसोबत देत आलीय.

इंटरनेटवर एक जुगाड सापडेल: जी वायर काढून तीच सी म्हणून वापरा. चालतं, पण मग पंखा एकटा चालवता येत नाही. म्हणजे फॅन शेड्यूलिंगसाठी पैसे मोजून थर्मोस्टॅट आणायचा आणि लावतानाच त्याची पंख्याची वायर काढून घ्यायची! आणि घरात बॉयलर आणि रेडिएटर असतील (न्यू जर्सीच्या जुन्या घरांत सर्रास असतात), तर तिथे ब्लोअरच नाही. खोक्यावर फॅनबद्दल कितीही छापलेलं असू दे, तुमच्यासाठी शून्य.

पंख्यावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे, कारण लोक स्क्रीनचा रंग बघतात आणि हे बघत नाहीत. पंख्याचे नेहमीचे दोन मोड: ऑटो आणि ऑन. ऑटोमध्ये हीटिंग किंवा कूलिंग चालू असेल तेवढाच पंखा चालतो. ऑनमध्ये चोवीस तास. जुना ब्लोअर ५०० वॉट खातो असं धरा. महिनाभर सतत चालवला तर ३६० युनिट झाले. युनिटला १५ सेंट धरले तरी ५४ डॉलर, नुसती हवा फिरवायला. नव्या मोटरी बऱ्याच कमी खातात, पण फुकट तर नाहीच.

खरी गंमत तिसऱ्या पर्यायात आहे. हनीवेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये त्याला सर्क्युलेट म्हणतात. पंखा साधारण ३५ टक्के वेळ अधूनमधून चालतो, नेमका कधी ते तुम्ही ठरवत नाही. नेस्टमध्ये तासातली किती मिनिटं आणि किती वाजेपासून किती वाजेपर्यंत हे सांगता येतं. इकोबीत तासाला किमान किती मिनिटं ते ठरवता येतं. माझ्यासारखं दोन-तीन मजली घर असेल, खाली गार आणि वर गरम, तर संध्याकाळी तासाला १५ मिनिटं पंखा फिरवला की फरक कमी होतो. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर इकडे आला आणि आकाश नारिंगी झालं, तेव्हा चांगला फिल्टर बसवून, खिडक्या बंद करून पंखा सतत ऑन ठेवणं शहाणपणाचं होतं. तोच ऑन जुलैतल्या दमट रात्री मात्र घात करतो. एसी चालताना आतल्या कॉइलवर पाणी जमतं. कॉम्प्रेसर थांबला आणि पंखा चालूच राहिला, की ते पाणी वाफ होऊन परत घरात येतं. मग ७४ अंशातही अंग चिकचिकतं आणि आपण ७१ करतो. म्हणून घेण्याआधी मॅन्युअल उघडून बघा: पंख्याला वेळापत्रक देता येतं का, की फक्त ऑन-ऑटो आहे? मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं, आणि रिव्ह्यूच्या व्हिडिओपेक्षा ते दहा मिनिटांत जास्त सांगतं.

तापमानाच्या शेड्यूलचं गणित सोपं आहे. अमेरिकेचं ऊर्जा खातं म्हणतं, दिवसातले ८ तास तापमान नेहमीपेक्षा ७ ते १० फॅरनहाइटने मागे घेतलं, तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. कागदावर छान. पण प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटला मिळणारं एनर्जी स्टारचं लेबल २००९ च्या अखेरीस बंदच केलं गेलं, कारण लोकांच्या घरात ती बचत दिसेना. यंत्रात खोट नव्हती. बटणं इतकी किचकट की लोक 'होल्ड' दाबून विषय संपवायचे. तेव्हा शेड्यूल लावायला किती सोपं आहे, हे बचतीचंच कलम समजा. फोनवर बोटाने शेड्यूल लावता येतं, हा स्मार्ट थर्मोस्टॅटचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा.

हीट पंपवाल्यांनी इथे कान द्या. नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला माझा मित्र राहतो, त्याच्याकडे हीट पंप. माझं ऐकून त्याने रात्री ६० आणि सकाळी ६ वाजता ७० असं लावलं. (सल्ला माझाच, शिव्याही मलाच.) हीट पंप सावकाश गरम करतो. एकदम १० अंशांची मागणी आली की थर्मोस्टॅट मदतीला ऑक्झिलरी हीट बोलावतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी सरळ विजेची कॉइल. रात्रभर वाचवलेलं सकाळच्या तासाभरात जातं. हीट पंप असेल तर फरक दोन-तीन अंशांचाच ठेवा, आणि ऑक्झिलरी कधी चालू व्हावी याची मर्यादा घालता येईल असंच मॉडेल घ्या.

आता रिमोट कंट्रोल. सुट्टीवर गेल्यावर घर ५५ च्या खाली गेलं तर फोनवर इशारा येणं, हे खरंच कामाचं. पाइप गोठून फुटले तर येणाऱ्या खर्चापुढे थर्मोस्टॅटची किंमत काहीच नाही. पण ॲप आणि डबा यांच्यामध्ये कंपनीचा सर्व्हर बसलेला असतो, हे लक्षात ठेवा. गूगलने पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या नेस्ट लर्निंग थर्मोस्टॅटचा सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. पहिला नेस्ट २०११ चा. डबा भिंतीवर अजून चालतो, शेड्यूलही चालतं, फोनवरून मात्र हात लावता येत नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला यात नवल वाटत नाही, पण फर्नेस वीस वर्षं टिकते आणि तिचं ॲप चौदा, हे माहीत असू द्यावं. म्हणून माझ्या यादीत एक प्रश्न कायम: वायफाय गेलं तर भिंतीवरच्या बटणांनी सगळं करता येतं का? होमकिट किंवा झेड-वेव्हसारखा, घरातल्या घरात चालणारा रस्ता असेल तर आणखी उत्तम.

वीज कंपनीची सवलत घेताना अटी वाचा. काही योजनांत कडक उन्हाळ्यात तुमचं तापमान वाढवायची परवानगी तुम्हीच त्यांना देता. २०२१ च्या जूनमध्ये टेक्सासात काही जणांना घर गरम झाल्यावर समजलं की आपण असं काही मान्य केलंय.

मग मी काय घेतलं? तोच डबा ठेवला. दुसरा घ्यायची गरज नव्हती, सेटिंग बदलायची होती. जिओफेन्सिंग बंद. साधं शेड्यूल, दिवसा ७०, रात्री ६६. हॉलमध्ये ठेवायला वेगळा रूम सेन्सर घेतला, त्यामुळे तापमान जिन्याचं न मोजता माणसं बसतात तिथलं मोजलं जातं. डब्याशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवली: थंडी वाजली तर वरचा बाण दोनदा दाबा, काही बिघडत नाही. तुमच्या घरी दिवसभर कुणी ज्येष्ठ असणार असतील आणि बाकी कशाची हौस नसेल, तर मोठ्या बटणांचा साधा सात दिवसांचा प्रोग्रॅमेबल घेतला तरी चालेल. त्यात कमीपणा नाही.

आणि बाबांच्या फोनवरही ॲप टाकून दिलं. ते मार्चमध्ये सांगलीला परत गेले, ॲप तसंच राहिलं. या जानेवारीत एका रात्री अकराला घर अचानक तापायला लागलं. शेड्यूल बघितलं, बरोबर. हिस्टरी उघडली तर बाबांच्या फोनवरून ६६ चं ७० केलेलं. लगेच फोन लावला. सांगलीत सकाळ, चहा चालला होता.

"बाहेर १५ दाखवत होतं तुझ्याकडे. सेल्सिअसमध्ये किती ते शोधलं, तर उणे नऊ! आणि तू ६६ वर झोपतोस?"

सेटिंगमध्ये जाऊन त्यांचा ॲक्सेस काढायला हवा. अजून काढलेला नाही.