विश्लेषण : मत गुप्त, मग वस्तीचा कल पक्षांना कसा कळतो?

‘या सोसायटीने आपल्याला मत दिले नाही’ किंवा ‘हा पाडा आपलाच आहे’ अशी वाक्ये निवडणुकीनंतर हमखास ऐकू येतात. मतदान गुप्त असताना इतक्या खात्रीने कसे बोलले जाते? आणि ज्या वस्तीत निम्मे लोक मतदानालाच जात नाहीत, तिचा कल नेमका कोणाचा असतो?

गुप्तता कशाला लागू होते?

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधील कलम 94 नुसार कोणालाही ‘तू कोणाला मत दिलेस’ हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. कलम 128 निवडणूक कर्मचाऱ्यांवर गुप्ततेचे बंधन घालते. हे संरक्षण एकेका मतदाराला आहे. मतदान केंद्राच्या एकूण आकड्यांना ते लागू होत नाही.

केंद्रनिहाय आकडे कुठून येतात?

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना 17-सी भरतात. केंद्रावर किती मते नोंदवली गेली, हे त्यात असते आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. मतमोजणीनंतर नमुना 20 तयार होतो. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते असतात. विधानसभा आणि लोकसभेचे हे तक्ते मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे दोन-चार इमारती किंवा एखादी वाडी. त्यामुळे वस्तीचा कल कळायला वेळ लागत नाही.

पूर्वीही असेच होते का?

मतपत्रिकांच्या काळात, मतदारांवर दबाव किंवा सूडाची शक्यता वाटल्यास मोजणीपूर्वी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती (निवडणूक नियम 59 ए). मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक यंत्राची मोजणी वेगळी होऊ लागली. 2004 ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. यावर तोडगा म्हणून निवडणूक आयोगाने 2008 मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. हे उपकरण 14 यंत्रांतील मतांची एकत्रित बेरीज दाखवते. विधि आयोगाने 2015 मध्ये 255 व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने मात्र सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. केंद्रनिहाय आकड्यांमुळे कमी मते मिळालेल्या भागात पक्षांना काम करता येते, असे समर्थक म्हणतात. ‘मत नाही तर काम नाही’ हा हिशेबही त्याच आकड्यांवरून मांडता येतो, ही टीकाकारांची भीती.

कमी मतदान असेल तर कल कितपत खरा?

2024 च्या विधानसभेत कुलाब्यात सुमारे 44 टक्के, तर कोल्हापूरच्या करवीरमध्ये सुमारे 85 टक्के मतदान झाले. 1200 मतदारांचे केंद्र धरू. 44 टक्क्यांनी 528 मते पडतात. त्यातील 270 मते एका पक्षाला मिळाली की केंद्र ‘त्यांचे’ ठरते. प्रत्यक्षात हा पाठिंबा नोंदणीकृत मतदारांच्या साडेबावीस टक्के आहे. उरलेल्या 672 जणांचे मत तक्त्यात कुठेच नसते. वस्तीवर पक्षाचा शिक्का बसतो, तो मतदान केलेल्यांच्या जोरावर.

अर्थात, हे सगळे 672 जण उदासीन असतात असे नाही. स्थलांतरित, मृत आणि दुबार नावेही यादीत राहतात. कोणी भाड्याचे घर बदललेले असते, कोणाचे नाव अजून गावीच असते. टक्केवारी यादीवर काढली जाते, त्यामुळे यादी सदोष असेल तर टक्काही घसरलेला दिसतो.

मतदान वाढले म्हणजे सत्ताविरोधी लाट?

हा समज महाराष्ट्राने खोटा ठरवला. 2019 च्या विधानसभेतील सुमारे 61 टक्क्यांवरून 2024 मध्ये मतदान सुमारे 66 टक्क्यांवर गेले आणि सत्ताधारी महायुतीच 230 जागांसह परतली. टक्का किती वाढला यापेक्षा नवे मतदार कोण, हे महत्त्वाचे.

एका केंद्राने काय फरक पडतो?

2024 च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी 5,946 मते पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. मतदानाला न गेलेल्या एका कुटुंबाने हा निकाल फिरवला असता.

मतदार काय करू शकतात?

आधी यादीत नाव आणि केंद्र तपासावे. घर बदलले असेल तर नमुना 8 भरावा. मग नमुना 20 मध्ये आपल्या केंद्राची ओळ शोधावी. पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्यांनी ती आधीच पाहिलेली असेल.