गुळाच्या भावाचा रंगीत चार्ट: लाल कशाला म्हणायचं, हिरवं कशाला?

व्हिडिओत चार्ट पटकन सरकतो, म्हणून इथे नीट लिहून देतोय.

शेअर बाजाराच्या चार्टवर भाव वाढला की हिरवी कांडी आणि पडला की लाल, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ही कांडीची पद्धत जपानमधल्या तांदळाच्या व्यापारातून आली. (तांदूळ म्हटल्यावर आपल्या मावळकरांचे कान टवकारतातच, इंद्रायणी आपल्याच वडगावच्या संशोधन केंद्रातली!) गंमत म्हणजे जपान आणि चीनमध्ये भाववाढ लाल रंगाने दाखवायची रीत आहे. म्हणजे रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो आपण द्यायचा.

आता तुमचा विचार करा. लोणावळ्यात चिक्की करणाऱ्याच्या दृष्टीने गूळ, शेंगदाणा ही खरेदी आहे. गूळ महागला तर ती आनंदाची बातमी कशी? म्हणून खरेदीच्या चार्टवर महाग म्हणजे लाल. ट्रेडिंगचा तयार रंग जसाच्या तसा उचललात, तर ज्या आठवड्यात हात आखडायला हवा त्याच आठवड्यात स्क्रीन हिरवीगार दिसेल. साठा करून ठेवू म्हणाल, तर आपल्याकडच्या पावसात गुळाला पाणी सुटतं. त्यामुळे कधी किती घ्यायचं, हाच खरा प्रश्न आहे.

भाव कुठून घ्यायचे? राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतात. ते क्विंटलचे असतात, किलोसाठी 100 ने भागा. दरवेळी एकच बाजार समिती आणि एकच प्रत धरा. आज पुणे, उद्या कोल्हापूर असं केलंत तर चार्ट भाव नाही, गावं दाखवेल.

शीटमध्ये एका ओळीत एक आठवडा: किमान, कमाल, सर्वसाधारण, आणि आधीच्या चार आठवड्यांची सरासरी. चालू आठवडा सरासरीत धरू नका, नाहीतर वाढलेला भाव स्वतःच सरासरी वर ओढतो आणि फरक कमी दिसतो.

आता रंग. एका मालिकेचे स्तंभ नियमानुसार आपोआप रंग बदलत नाहीत, म्हणून युक्ती अशी: प्रत्येक रंगाला वेगळा कॉलम द्यायचा. ‘इफ’च्या सूत्राने ज्या रंगाची अट जुळते तिथे कमाल वजा किमान हा आकडा येतो, बाकी दोन ठिकाणी शून्य. चार्ट ‘स्टॅक्ड कॉलम’ घ्या. सगळ्यात खाली किमान दराची मालिका ठेवून तिचा रंग काढून टाका, म्हणजे वरची रंगीत पट्टी किमान ते कमाल अशी हवेत तरंगते. किमान-कमाल सारखेच असले तर पट्टी दिसणारच नाही. तिथे अर्धा रुपया उंची द्या.

समजा सरासरी 50 रुपये आहे. माझी अट अशी: सर्वसाधारण दर सरासरीच्या 10 टक्क्यांहून वर गेला तर लाल, 3 टक्क्यांहून वर ते 10 पर्यंत पिवळा, बाकी सगळं हिरवं. म्हणजे 56 लाल, 53 पिवळा, 49 हिरवा. हे टक्के तुमच्या नफ्याच्या हिशोबाने बदला.

एकाच सूत्रात एकात एक ‘इफ’ घालून रंगाचं नाव काढणार असाल, तर अटींचा क्रम सांभाळा. सूत्र वरून खाली वाचत जातं आणि पहिली जुळलेली अट धरून थांबतं. ‘3 टक्क्यांहून वर’ हे आधी विचारलंत तर 56 सुद्धा पिवळा होईल, लाल कधी उगवणारच नाही. कडक अट आधी. ट्रेडिंगव्ह्यूवर पाइन स्क्रिप्टमध्ये ‘बारकलर’ वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

(आणि हे शिकून कुणी थेट फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळणार असेल, तर सेबीचा 2024 चा अभ्यास वाचा. तीन वर्षांत 10 पैकी 9 हून जास्त वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते.)

शेवटची पट्टी मात्र जपून वाचा. आठवडा संपेपर्यंत तिचा दर हलतो, म्हणजे रंगही हलतो. मंगळवारी लाल दिसलेली पट्टी शनिवारी पिवळी होऊ शकते. मी अपुऱ्या आठवड्यासाठी राखाडी रंगाचा चौथा कॉलम ठेवतो आणि ‘आठवडा पूर्ण आहे का’ ही अट सगळ्यात आधी विचारतो. राखाडी पट्टीवर मोठी ऑर्डर द्यायची नाही, दोन-तीन दिवसांपुरता माल घ्यायचा.