काटे टाळून पान

काळी शेळी बोरीसमोर येते, पण लगेच तोंड घालत नाही. आधी हुंगते. मग वरचा ओठ दोन काट्यांच्या मधून आत सरकवून नेमके कोवळे पान खुडते, चार-सहा घास घेते आणि पुढच्या झुडपाकडे निघते. तरवडाला ती शिवतही नाही. हिवराची फांदी उंच असेल तर मागच्या दोन पायांवर उभी राहून ओढून घेते.

वसईला आमच्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाडीत बांधलेल्या शेळीपुढे पाला टाकला की ती पुढ्यातले खाते. इथे म्हसवडच्या माळावर, साताऱ्याच्या माण तालुक्यात, पाऊस त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. माळ मला ओसाड वाटला होता. शेळ्यांमागे हिंडल्यावर दिसले की त्यांना इथे निवड करायला भरपूर जागा आहे, आणि ती निवडच पुढे कासेत उतरते.

बाभळीच्या पाल्यात तुरटपणा असतो. तो तुरट अंश प्रथिनांना धरून ठेवतो, म्हणून जास्त खाल्ला तर अंगी लागत नाही. शेळी मेंढीपेक्षा तो बराच सोसते, तरीही थोडा खाऊन दुसरीकडे वळते. वेडी बाभूळ तिला फक्त शेंगांपुरती हवी. शेंगा गोड, पाला मात्र तसाच राहतो. खाल्लेल्या बिया लेंडीतून माळभर पडतात आणि वेडी बाभूळ आणखी पसरते, हे नुकसानही खरेच.

कळपाच्या मालकीणबाई लांब आकडीने बाभळीची फांदी हलवतात. शेंगा खाली पडताच शेळ्या धावतात.

“ताई, शेंगांच्या दिसांत धार जाड येतीया. पयल्या पावसाचं गवत खाल्लं की दूध वाढतंय, पण पातळ.”

त्यांचे निरीक्षण अचूक आहे. चोथा असलेला चारा पोटात आंबताना जे आम्ल तयार होते, त्यातून दुधातली स्निग्धता बनते. कोवळ्या गवतात पाणी जास्त, चोथा कमी. चाऱ्यातला पिवळा रंगही शेळीचे शरीर अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून दूध पांढरेशुभ्र दिसते.

या कळपातल्या शेळ्या बहुतेक उस्मानाबादी वळणाच्या, मांसासाठी नावाजलेल्या. पण जुळी करडे जगवायची तर आईला दूध हवेच. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने या जातीच्या सुधारणेवर काम केले आहे, ते मला म्हणूनच मोलाचे वाटते. चांगली आई ओळखण्याची बाईंची रीत साधी आहे: संध्याकाळी दोन्ही करडांची पोटे चाचपायची.

मग धार. जुळी असतील तर दोन्ही सड करडांचे. एकच असेल तर एक सड घरच्या चहासाठी पिळतात. ओढ्याकाठी हिवराला पाला आहे तोवर हे चालते. तो झडला की बाई तपेली बाजूला ठेवतात आणि दुसऱ्या पावसापर्यंत घरात कोरा चहा होतो.