दुःखातून मिळालेले बळ

आमच्या खटाव तालुक्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात असे. ती आठवण काढली की आजही तिचा आवाज जड होतो. म्हणूनच पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मी सुरुवातीलाच थबकले.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने खचून गेली. १८८० मध्ये भाऊ वारला, १८८२ मध्ये पती. पदरी तान्ही मनोरमा! १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला.

या श्रद्धेने त्यांना काय दिले? दुःख तर टळले नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. मला वाटते, स्वतः यातना सोसलेला आणि दीनदुबळ्यांना जवळ करणारा येशू त्यांना आपला वाटला. आपले दुःख तो जाणतो, हा विश्वास हेच त्यांचे बळ. ते त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायकांना आणले. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. तेथे त्यांना अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तर रमाबाईंनी लेकीच्या मृत्यूनंतरही सोडले नाही.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी विठोबा. घरातली कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून वाचलेले सारे आजीला सांगते. रमाबाईंची हकिगत ऐकून ती एवढेच म्हणाली, “ज्यानं उपास काढल्यात, त्यालाच दुसऱ्याची भूक कळती, बाय.”