पुन्हा पुन्हा होणारा नायटा आणि जपून ठेवलेली बुरशी

भिवंडीतील यंत्रमाग कारखान्यांत उष्णता आणि दमटपणा असतो. दिवसभर घाम अंगावर राहतो. जांघेत, कमरेवर किंवा काखेत गोल, खाजरा चट्टा उठतो. हा नायटा, म्हणजेच गजकर्ण. तो त्वचेवर वाढणाऱ्या बुरशीमुळे होतो.

औषध लावूनही तो परत का येतो?

याची तीन मुख्य कारणे आहेत. उपचार अर्धवट सोडणे हे पहिले. घरातील इतरांकडून पुन्हा लागण होणे हे दुसरे. तिसरे म्हणजे दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम. स्टिरॉइडमुळे खाज आणि लाली दबते, पण बुरशी वाढतच राहते. चट्ट्याचे रूपही बदलते आणि निदान अवघड होते.

शिवाय काही बुरशी आता टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. जपानमध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या अशाच एका बुरशीला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले.

बुरशी नेमकी कशी ओळखतात?

चट्ट्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशी आहे की नाही, हे त्यातून लवकर कळते. तिची जात समजण्यासाठी ती प्रयोगशाळेत वाढवावी लागते. त्याला काही आठवडे लागू शकतात.

मात्र ओळख पटवायला अस्सल नमुना हवा. त्यासाठी संग्रह असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशींचा आणि जिवंत बुरशींचा असे दोन्ही संग्रह आहेत. रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह चंदीगडच्या पीजीआय संस्थेत आहे. जिवंत बुरशी गोठवून सुकवतात किंवा अतिथंड तापमानात ठेवतात. त्यामुळे ती वर्षानुवर्षे टिकते. औषधाची चाचणी बरोबर चालली आहे का, हे पाहण्यासाठीही गुणधर्म माहीत असलेली बुरशी सोबत तपासतात. तुमचा नमुना तिथे पाठवावा लागत नाही, पण तुमच्या अहवालाची विश्वासार्हता अशा संग्रहांवर अवलंबून असते.

तुम्ही काय करावे?

- आधी वापरलेली सर्व मलमे डॉक्टरांना दाखवा.
- खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध चालू ठेवा.
- टॉवेल, कपडे आणि अंथरूण वेगळे ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात पूर्ण वाळवा.
- घरात कोणाला चट्टे असतील तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या.
- गर्भवती असाल किंवा यकृताचा आजार असेल तर ते आधीच सांगा.

पूर्ण उपचारानंतरही नायटा परतला, तर औषध स्वतःहून बदलू नका. त्वचारोगतज्ज्ञांना भेटा आणि खरवड तपासणीबद्दल विचारा.