उत्खनक, द्रवीय : वापरलेल्या यंत्राची खरेदी

डीझेल एंजिनावरील पंपाने तेलावर दाब निर्माण करून त्याच्या साहाय्याने भुजा, बकेट, फिरता मंच व साखळपट्टे चालविणाऱ्या खोदाई यंत्रास द्रवीय उत्खनक म्हणतात. फ्रान्समधील पोक्लँ कंपनीने १९५१ मध्ये आपला पहिला द्रवीय उत्खनक तयार केला. पुढे तिच्या तंत्रज्ञानावर आधारलेले उत्खनक लार्सन अँड टुब्रो कंपनीने भारतात बनविले. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्रास महाराष्ट्रात ‘पोकलेन’ म्हणतात. सु. २० टन वजनाचा उत्खनक मध्यम आकारमानाचा समजला जातो.

वाशीम जिल्ह्यात काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली बेसाल्ट खडक आढळतो. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेले जलयुक्त शिवार अभियान, तलावांतील गाळ काढण्याची २०१७ ची योजना व जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांसारख्या कामांचे स्वरूप त्यामुळे एकसारखे नसते. गाळ उपसणारे आणि ब्रेकर लावून खडक फोडणारे यंत्र सारखेच तास चालले, तरी त्यांची झीज सारखी नसते. ब्रेकरच्या हादऱ्यांनी भुजेच्या जोडांना तडे जातात, खिळी सैल होतात व तेलातील दाबाच्या धक्क्यांनी पंप झिजतो. चिखलात मुख्यतः साखळपट्टे व त्यांचे रोलर खराब होतात. म्हणून केवळ तासमापकाच्या आकड्यावर विसंबून न राहता यंत्राने कोणत्या जमिनीत काम केले, याची चौकशी प्रथम करावी.

मध्यम उत्खनकातील तेलाचा दाब सु. ३५० किग्रॅ./सेंमी.² पर्यंत जातो. थंड तेल दाट असल्याने अंतर्गत गळती लपते. यास्तव तेल सु. ५०° से. पर्यंत तापल्यावरच चाचणी घ्यावी. भरलेली बकेट उंच धरून एंजिन बंद करावे. भुजा लवकर खाली येऊ लागल्यास सिलिंडरातील वलये किंवा झडपा झिजल्या आहेत असे समजावे. या वेळी भुजेखाली कोणीही उभे राहू नये. सपाट जमिनीवर सरळ चालविलेले यंत्र एका बाजूस वळल्यास पंप किंवा त्या बाजूची द्रवीय मोटर दुर्बल झालेली असू शकते. तेलाच्या गाळणीत पिवळसर धातूचे कण आढळणे हे पंप झिजल्याचे गंभीर लक्षण होय. बकेट टेकवून भुजेने जमीन दाबली असता मंचाखालील धारव्यात (बेअरिंगमध्ये) जाणवणारी हालचाल मोजावी. नव्या रंगाखाली जुने सांधकाम तर नाही, हेही पाहावे.

मूळ बीजक, सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक आणि कर्ज फिटल्याचा दाखला परस्परांशी जुळले पाहिजेत. नाला व तलावांची कामे मुख्यत्वे उन्हाळ्यातच होतात. त्या काळात पंप निकामी झाल्यास पूर्ण हंगाम वाया जातो. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. त्यामुळे स्वस्त किंमतीत दुरुस्तीचा संभाव्य खर्च मिळवूनच सौदा ठरविणे हितावह असते.