शहाबादी फरशीच्या फटीत

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या न्हाणीत, ओट्यावर आणि शाळांच्या व्हरांड्यात जी करडी-निळसर फरशी दिसते, तिचं गाव कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद. उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झालेली ही चुनखडी दख्खनच्या काळ्या कातळाहून कितीतरी जुनी आहे. थर सपाट असल्याने ती सहज सुटते, म्हणूनच तिची फरशी होते. त्याच चुनखडीवर वाडी आणि सेडमचे सिमेंट कारखाने चालतात. खाणीतून तुटकी, वेडीवाकडी फरशी निघते ती वेगळीच, आणि बागेच्या दृष्टीने कामाची तीच.

पर्वतावरच्या रोपांची बाग करणाऱ्या युरोपातल्या हौशी मंडळींत गेली काही दशकं एक पद्धत रुजली आहे. झेक बागवानांनी तिला वळण दिलं. सपाट दगड जमिनीवर अंथरायचे नाहीत, पुस्तकांसारखे उभे एकमेकांना टेकवून रोवायचे, आणि मधल्या बोटभर फटीत खडी-माती भरून रोपं लावायची. पाणी फटीतून झरकन खाली जातं, मुळं ओलाव्याच्या मागे खोल उतरतात, आणि देठाजवळची जागा कोरडी राहते. असा पातळ, थरांचा दगड मिळवायला तिकडे लोक खर्च करतात. चित्तापूर-शहाबादकडे तो रस्त्याच्या कडेला पडलेला असतो.

दगडांत रोपं लावायची हौस नवी नाही. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमधली दगडी बाग १७७३ मध्ये पुरी झाली. तिच्यात टॉवर ऑफ लंडनचे जुने दगड आहेत, आणि जोसेफ बँक्स यांनी आइसलँडहून आणलेला ज्वालामुखीचा कातळही, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचाच भाऊबंद. पुढे यॉर्कशायरच्या रेजिनल्ड फॅररने (१८८०–१९२०) या छंदावर इतकं आणि इतक्या तिखट शैलीत लिहिलं, की वाड्यासमोर दगडांचे ढीग रचून त्यांनाच बाग म्हणणाऱ्या श्रीमंतांची चांगलीच पंचाईत झाली.

या बागांतलं लाडकं रोप म्हणजे सेम्परव्हिवम. जाड पानांचा गुलाबासारखा गुच्छ, आल्प्सच्या कड्यांवर वाढणारा. युरोपात विजेपासून रक्षण म्हणून तो छपरावर लावत. सम्राट शार्लमेनच्या काळच्या जमीनजुमल्याविषयीच्या फर्मानातही माळ्याने घरावर तो ठेवावा असा उल्लेख आहे. बर्फाखाली महिनोन्महिने दबूनही हे रोप मरत नाही, कारण बर्फ गोधडीचं काम करतो. वर हवा उणे वीस असली तरी खालची माती शून्याच्या आसपास टिकते, आणि पाणी गोठलेलं असल्याने मुळं कोरडीच राहतात. त्याच्याच काही जातींना मात्र इंग्लंडचा सौम्य पण सतत रिमझिमणारा हिवाळा सोसत नाही. मऊ पानांच्या, लवकर कुजणाऱ्या जातींवर तिथले बागवान हिवाळ्यात काचेचं छप्पर धरतात. थंडी अडवायला नव्हे, पाऊस अडवायला.

बिदर आणि कलबुर्गीच्या वाचकांनी हे उलटं करून बघावं. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदचा हिवाळा मांसल रोपांसाठी वर्षातला सगळ्यात सुखाचा काळ असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, दिवसा लख्ख ऊन, हवा कोरडी. ही रोपं रात्री पानांची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून घेतात, त्यामुळे थंड रात्री त्यांच्या फायद्याच्या. जीव जातो तो जुलै-ऑगस्टमध्ये. वर्षाचा आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि वर ढगाळ, दमट, उबदार हवा. इंग्लंडच्या बागवानाला डिसेंबरची जी काळजी, ती इथे आषाढ-श्रावणात.

जमिनीचं गणित दोन जिल्ह्यांत वेगळं आहे. कलबुर्गीची काळी रेगड तुरीला उत्तम. तिथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण पाण्याने फुगणारी आणि दिवसेंदिवस ओल धरणारी ती माती कोरफडीलाही कुजवते. बिदर शहर मात्र जांभ्याच्या पठारावर वसलेलं आहे. जांभा भोकाभोकांचा, त्यातून पाणी झिरपतं ते खालच्या बेसाल्टपर्यंत, आणि तिथे अडतं. हेच पाणी बहामनी काळातल्या करेझ भुयारांनी शहराला पुरवलं. किल्ल्याचा तिहेरी खंदकही याच जांभ्यात कोरलेला, आणि बिदरीची भांडी काळी करायला लागते ती मातीही किल्ल्यातलीच. एवढी कामं करणारा दगड चार रोपं सहज पोसेल.

सेम्परव्हिवमच्या नादी मात्र लागू नये. हिवाळ्यात ते तरतरीत दिसेल, पण मे महिन्यातल्या चाळीस अंशांवरच्या दुपारी आणि त्याहून वाईट म्हणजे गरम रात्री त्याला टिकू देत नाहीत. तसाच गुच्छ हवा असेल तर मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली एचेव्हेरिया आणि करड्या पानांचं ग्रॅप्टोपेटॅलम लावावं. छोट्या दिवसांत फुलणारी कलांचोची रोपं जानेवारी-फेब्रुवारीत रंग भरतात.

खरी मजा देशी रोपांत आहे. माकडशिंगी दगडांच्या खाचेत चार धारांची हिरवी बोटं वर काढते. कांडवेल, त्रिधारी निवडुंग आणि मूळची देशी नसली तरी इथे रुळलेली कोरफड विनातक्रार राहतात. आणि शिंदळ माकुडी: शिवनेरीच्या आणि पुरंदरच्या वज्रगडाच्या कड्यांवरची ही दुर्मीळ वनस्पती १८६० च्या दशकात डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने तिला फ्रेरिया म्हटलं. पावसात तिला पानं येतात, कोरड्या दिवसांत गळतात, आणि उरलेलं मांसल खोड उन्हाळा काढतं. लडाखमधल्या सोलो या रोपाची रीत अशीच, फक्त शत्रू वेगळा: तो हिवाळ्यात वरचा सगळा भाग टाकून बर्फाखालच्या जाड कंदावर जगतो. शिंदळ माकुडी कड्यावरून मात्र उपटू नये. रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप मिळालं तर घ्यावं.

बाग करायची तर पूर्वेला उतार देऊन दीड-दोन फूट उंचवटा घालावा. तळाशी विटांचे तुकडे आणि मोठी खडी, वर जांभ्याचा चुरा किंवा मुरूम, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. रेगड माती असेल तर ती या मिश्रणात अजिबात घेऊ नये. फरशीचे तुकडे उभे, अर्ध्याहून अधिक जमिनीत गाडून रोवावेत, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात सरकतात. रोप लावल्यावर देठाभोवती बारीक खडी पसरायची.

ऑक्टोबरअखेर लागवड केली की थंडीभर मुळं धरतात. या दिवसांत दहा-पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, मुळाशी पाणी पुरतं. संध्याकाळी पानांवर शिंपडलेलं पाणी गुच्छात साचून राहतं. थंडीतला मोठा उपद्रव पिठ्या ढेकणांचा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तो पुसून काढावा.

मार्चनंतर दुपारच्या उन्हापासून एचेव्हेरियाला सावली लागते. पश्चिमेला शेवग्याचं झाड असलं तरी भागतं. मृग लागण्याआधी नाजूक रोपांवर पारदर्शक पत्रा तिरका बसवावा, बाजू उघड्या ठेवून, म्हणजे वारा खेळता राहील. हस्त संपला की तो काढता येतो. माकडशिंगीला आणि त्रिधारीला पत्र्याची गरज नाही.